दाखव, कसं मारलं होतं

मलकापूरच्या भाजीबाजारापासून रोहिणखेडच्या पारापर्यंत एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सरकारी दवाखान्यातल्या कोकिळाबाईनं बाळंतपणाच्या टेबलावर एका पोरीचा हात मोडला. कोणी सांगतं मनगटात मोडला, कोणी सांगतं खांद्यातून उपटला. टमाटे विकणारी एक बुढी तर ही गोष्ट आवाजासकट सांगते. "कडकन्! वाळली तुराटी मोडते ना माय, तसा! म्या माह्या या कानानं आयकला." बुढी त्या दिवशी खामगावला लेकीकडे होती, पण तिच्या कानाची पोच मोठी.

खरं इतकंच, की हात मोडला. कडकन् आवाजही झाला आणि तुराटीसारखाच झाला. फक्त हात पोरीचा नव्हता. कोकिळाबाईचा होता, उजवा, आणि तो मोडला पोरीच्या नवऱ्यानं, सलाइन टांगायच्या लोखंडी स्टँडनं. बाजार एवढा तपशील गिळून टाकतो, कारण ज्यांनी तो हात खाल्लाय त्यांना तो कोणी मोडू शकतं हेच पटत नाही.

तर आधी तो हात.

बाई उंचीनं साडेचार फूट. तुरीच्या वावरात उभी राहिली तर शोधायला माणूस लावावा लागेल. पण पंजा ज्वारीच्या भाकरीएवढा आणि तव्यावरून आत्ताच उतरवल्यासारखा गरम. दवाखाना हायवेपासून थोडा आत, गावाचं नाव घेत नाही, तिथं बाळंतपणाच्या खोलीत कोकिळाबाई बारा वर्षं आया आहे. बारा वर्षांत जी पोर पहिल्या खेपेला टेबलावर चढली, ती कोकिळाबाईचा हात घेऊनच उतरली.

वाईटपणानं मारायची असं नाही. भांडी घासल्यासारखी मारायची, मन दुसरीकडे ठेवून. तिची स्वतःची लेक पूनम झाली ती गावाकडं घरात, तेव्हा दाईनं तिच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला होता आणि मांडीवर लाटणं चालवलं होतं. पोर झाली, नीट झाली. म्हणजे लाटणं लागू पडलं. दवाखान्यात लागली तेव्हा जुन्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी शिकवलं, "एक दिली की पोर सुटते, दोन दिल्या की लवकर सुटते." कोकिळाबाई हुशार विद्यार्थिनी निघाली. घरी नवरा शेषराव. त्यानं लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात तिला एक थापड दिली होती. तिनं काही न बोलता वरवंटा उचलला आणि त्याच्या पायावर सोडला. अंगठ्याचं नख गेलं ते आजपर्यंत परत आलं नाही. तेव्हापासून शेषराव घरात शिरताना आधी उंबऱ्याबाहेरून विचारतो, "कोकिळा, हायस का वं? येऊ का?"

आणि टेबलापाशी तिचा आवाज असा:

"ए तीन नंबर! पाय सोड! सोड म्हणलं ना वं! तव्हा लाजली नाई, आता कायले बोंबलतं? दवाखाना डोक्यावर घेतला!" मग सटाक, मांडीवर. पोर आणखी ओरडली तर गालावर. त्याहून ओरडली तर भाकरीएवढा पंजा सबंध तोंडावर, आणि त्याच्यामागून, "चूप. निरा चूप."

कोणी तक्रार केली का? तक्रारपेटी होती. लाल रंगाची, कुलूपवाली, नेमकी गजानन महाराजांच्या फोटोखाली ठोकलेली. वर्षातून एकदा उघडली की आतून झेंडूची फुलं निघायची आणि चिठ्ठ्या, "महाराज, औंदा पोरगा होऊ द्या."

*

माघातली गोष्ट, दुपारचे दोन. टेबलावर प्रेरणा, रोहिणखेडकडची, पहिलटकरीण. बाहेर बाकावर तिचा नवरा गोविंदा, वांगी-भेंड्यांचा टेम्पो चालवणारा, आणि त्याचे दोन भाऊ. गोविंदा तसा गरीब माणूस. सकाळपासून पाचदा चहा पिऊन आलेला. पण दारातून आवाज यायला लागले. पहिली सटाक ऐकली तेव्हा तो भावाला म्हणाला, "दार आपटलं वाटते." दुसरी ऐकली तेव्हा म्हणाला, "खिडकी असन." तिसरीनंतर प्रेरणेचा ओरडा आला आणि मधेच कापल्यासारखा बंद झाला. तोंडावर पंजा पडला की तसाच बंद होतो.

"मारून टाकली बे!" गोविंदा उठला. कडी पहिल्याच लाथेत निखळली.

आत काय झालं ते चार जण चार तऱ्हेनं सांगतात. जमवलं तर असं होतं. गोविंदानं कोकिळाबाईच्या झिंज्या धरल्या. कोकिळाबाईनं टेबलाखालचं लघवीचं भांडं, भरलेलं, त्याच्या तोंडावर मारलं. मधल्या भावानं औषधांचं काचेचं कपाट तिच्यावर ढकललं. ते तिच्यावर न पडता त्याच्याच पायावर पडलं आणि तो काचांत बसला, बसला तो बोंबलतच. धाकट्यानं कोकिळाबाईला मागून मिठी मारली. तिनं डोकं मागं आपटलं. त्याचा समोरचा दात नंतर मोरीत सापडला. सिस्टर संजीवनी टेबलाच्या पायथ्याशी, एक पाय रक्तात, एक काचांत, ओरडत होत्या, "हटा रे मेल्यांनो, पोर येऊन राह्यली, पोर!" कोणी ऐकेना. गोविंदानं डोळे पुसले, हाताला स्टँड लागला, तो उचलून त्यानं डोक्याच्या अंदाजानं घातला. कोकिळाबाईनं उजवा हात आडवा केला.

कडकन्.

आणि त्याच दमात खालून एक नवाच आवाज. ट्यॅहां.

सगळे जिथल्या तिथं थांबले. कोकिळाबाई गुडघ्यावर, हात भलत्याच ठिकाणी वाकलेला. गोविंदा स्टँड उगारून तसाच, मिशीतून ठिबकतोय. तो म्हणाला, "पोरगी का पोरगं?"

"आंदी थे खाली ठेव," संजीवनी म्हणाल्या. "मंग सांगतो."

पोरगी होती, तीन किलो, ठणठणीत. पोलीस आले. पण एकीकडं मोडका हात, दुसरीकडं प्रेरणेच्या मांडीवरचे निळे वळ, दोन्हीकडं दाखवायला भरपूर. त्यामुळं कोणीच काही लिहून दिलं नाही.

*

हाताला सहा आठवड्यांचं प्लास्टर. दवाखान्याचे डॉक्टर शेखर पुण्याकडचे, त्यांचं बोलणं नेहमी इस्त्री केलेलं. "मावशी, तुम्ही आता जरा हलकं काम बघा. अगदी बसल्याबसल्या करण्यासारखं एक काम आहे."

जिल्ह्याहून फॉर्म आले होते. बाळंत होऊन गेलेल्या बायांना विचारायचं, दवाखान्यात कसं वाटलं. कागदावर पाच तोंडं काढलेली, पहिलं खदाखदा हसणारं, शेवटचं रडणारं. बाईनं बोट ठेवायचं, आपण खूण करायची. दर बुधवारी लसीकरण, तेव्हा बाया पोरं घेऊन येतातच. दाराशी स्टूल टाकून कोकिळाबाईला बसवलं.

होय, कोकिळाबाईला. ज्यांनी मार खाल्ला त्यांना "मार लागला का" हे विचारायला मारणारीच बसवली. यात काही चुकतंय, असं ना डॉक्टरांना वाटलं, ना सिस्टरना, ना कोकिळाबाईला. तिच्या तर मनातही आलं नाही.

"ये वं. तुही झाली ना इथं, दिवाळीले?"

"हाव मावशी."

"मंग सांग. समाधानी का असमाधानी?" डावा हात कागदावर, उजवा प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळीला. तरी पोरीची नजर त्या प्लास्टरवरच.

"समाधानी मावशी, लयच समाधानी."

"बोट ठेव."

पोर हसऱ्या तोंडावर बोट ठेवायची आणि लस न घेताच पळायच्या बेतात असायची. बासष्ट बाया, बासष्ट हसरी तोंडं. जिल्ह्यातून पत्र आलं की आपलं रुग्णालय समाधानात पहिलं. डॉक्टरांचा गुच्छ देऊन सत्कार झाला. गुच्छातली दोन गुलाबं त्यांनी कोकिळाबाईला दिली. तिनं ती घरी नेऊन शेषरावाला दाखवली. "पाय. बासष्टातून बासष्ट."

शेषराव म्हणाला, "आता पूनमलेही आण. सातवा लागला."

*

पूनम, एकुलती लेक, वडनेर भोलजीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय नव्यानं सांगायचं? लेक सातव्यात माहेरी आली नाही तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. आणि कोकिळाबाईसारखीच्या लेकीनं तर तिच्याच दवाखान्यात, तिच्याच हातात यायचं. बारा वर्षं लोकांच्या पोरी सोडवल्या त्या कशासाठी? तिनं ओटीचं घेतलं, हिरवी साडी घेतली आणि वडनेरला गेली.

विहीणबाई सत्यभामाबाईंनी चहा ठेवला. पूनम भिंतीला टेकून बसली होती, पोट पुढं, चेहरा बंद.

"चाल," कोकिळाबाई म्हणाली. "गाडी दोनची हाय."

"मी नाई येत."

"काऊन वं?"

"याच आळीत तीन जणी हायेत, तुह्या टेबलावरच्या. एकीनं मले मांडी दाखवली. वर्ष झालं, अजून डाग हाय." पूनमनं हिरवी साडी आईकडं सारली. "कुठंही होईन मी. रस्त्यात होईन. तुह्या हातात नाई येणार."

"बासष्ट बायांनी समाधानी लिहून देलं! पहिला नंबर हाय आमचा!"

"तू समोर बसल्यावर मीही समाधानीच म्हणन, आई. तुले सांगते कोण?"

आणि कोकिळाबाईचा हात गेला. डावा. तिनं धाडला नव्हता, तो आपला गेला, बारा वर्षांच्या सवयीनं. सटाक. सात महिन्यांच्या पोटुशा लेकीच्या गालावर. पूनमचं डोकं भिंतीवर आपटलं.

चहा उतू गेला. सत्यभामाबाईंच्या हातात केव्हा खराटा आला ते त्यांनाही कळलं नसेल. पहिला फटका कोकिळाबाईच्या पाठीत, दुसरा मानेवर. "माह्या घरात! माह्या सुनेले! आमच्यासमोर!" त्यांनी तिला झिंज्यांनी धरून ओसरीवरून खाली ओढलं. प्लास्टरचा हात दगडावर आपटला, कोकिळाबाईच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. मागून ओटीचे गहू अंगावर आले, मग नारळ. नारळ कपाळाला चाटून गेला.

दारात पूनम उभी होती, गाल लाल, आवाज मात्र सपाट. "बासष्टांतली एक तरी बाई खरं बोलली, असं मले दाखव. मंग ओटी भर. नाई तर ही साडी दुसऱ्या कोणाले दे."

कोकिळाबाई परतीच्या गाडीत उभ्यानं आली. जागा होती, पण पाठ टेकवत नव्हती. सबंध रस्ता तिला एकच गोष्ट कळत नव्हती. मारायचं ठरवलं नव्हतं. मग मारलं कोणी?

*

खरं बोलणारी बाई कुठं शोधायची? जिचा नवरा आधीच खरं बोलून गेला होता, तिच्याकडं. बासष्टांत तीही होती. दुसऱ्या दिवशी कोकिळाबाई गोविंदाच्या दारात.

गोविंदा खाटेवरून उठला तो सरळ दारातली पहार घेऊनच उठला. "ओ बाई! आता काय दुसरा मोडाले आली का?"

"तुह्यापाशी नाई आली. प्रेरणापाशी आली."

प्रेरणा गोठ्यातून आली, हात शेणानं भरलेले. कोकिळाबाई म्हणाली, "पोरी, सांग. काय वाटलं तुले माह्या हाताखाली?"

प्रेरणेनं खाली पाहिलं. "समाधानी, मावशी."

"समाधानी म्हणू नको वं!" कोकिळाबाई एवढ्यानं ओरडली की पाळण्यातली पोर जागी झाली. मग खाली बसली आणि पूनमचं सगळं सांगून टाकलं, गालावरच्या थापडेसकट.

 प्रेरणा म्हणाली, "तोंडानं नाई सांगता येत मले. तुमच्यासमोर तोंडच उघडत नाई. आडव्या व्हा."

"काय?"

"खाटेवर आडव्या व्हा. पाय वर घ्या. दाखवतो."

कोकिळाबाई आडवी झाली. प्रेरणा पायाशी उभी राहिली, कंबरेवर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो प्रेरणेचा नव्हताच. "ए तीन नंबर! पाय सोड! तव्हा लाजली नाई, आता कायले बोंबलतं?" नक्कल इतकी साधलेली की बाहेर गेलेला गोविंदा पहार घेऊन धावत आत आला.

सटाक. मांडीवर. कोकिळाबाई हबकली, पाय आवळले. "सोड म्हणलं ना!" सटाक, त्याच जागेवर. एका जागेवर दुसऱ्यांदा बसली की कसं लागतं, हे बारा वर्षांत तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग गालावर. ती "अगं" म्हणायला गेली तर शेणाचा ओला हात तिच्या तोंडावर पडला, नाकासकट. वास डोक्यात गेला. श्वास मिळेना. तिनं पाय झाडले, प्लास्टरचा हात खाटेच्या माच्यावर आपटला, कळ कानापर्यंत गेली. तोंडावरचा हात हलत नव्हता. प्रेरणा रडत होती आणि मारत होती, दाखवायच्या पलीकडं गेली होती, तिसरी, चौथी, सहावी.

"बस, बस! मरून जाईन थे!" गोविंदानं तिला कंबरेला धरून मागं ओढलं. महिन्याभरापूर्वी याच बाईच्या डोक्यात स्टँड घालणारा गोविंदा.

कोकिळाबाई उठून बसली. तोंडातलं थुंकली. प्रेरणेनं धापा टाकत बोलायला सुरुवात केली आणि आता ती थांबेना. "तुमच्या हाताले फिनाईलचा वास होता. माहं नाव केसपेपरवर होतं, तुम्ही सकाळपासून तीन नंबर म्हणल्या. पाणी चारदा मागतलं. दार सताड उघडं होतं, पोछावाला येऊन गेला. पण थ्याचं नाई मावशी. माराचंही नाई एवढं. मारून झाल्यावर तुम्ही सिस्टरशी वांग्यांचं बोलल्या. औंदा वांग्यांत अळी लय, म्हणे. माह्या पायांत उभ्या राहून."

कोकिळाबाई म्हणाली, "वांग्यांचं मी बोलली?"

"हाव."

"मले आठवतही नाई."

"मले आठवते ना," प्रेरणा म्हणाली आणि पोरीला घ्यायला गेली.

त्याच संध्याकाळी कोकिळाबाई वडनेरला. ओसरीवर चढली नाही. खालीच उभी राहून तिनं लुगडं मांडीपर्यंत वर केलं. आळीतल्या बाया बघत होत्या, बघू दिलं. निळ्यावर निळा वळ, पाच बोटं मोजता यावीत असा. "ही एक," ती म्हणाली. आणि दाराचं, पाण्याचं, वांग्यांचं, सगळं सांगितलं.

पूनमनं वळ पाहिला. तिचा चेहरा किंचित हलला, पण ती लेक कोकिळाबाईचीच. "ही एक झाली. बाकीच्या एकसष्ट?"

*

संजीवनी सिस्टरनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हातासंग तुह्या डोक्यालेही प्लास्टर लागते." तरी पुढच्या बुधवारी त्यांनी पडदा बांधून दिला. पडद्यामागं तपासणीचं टेबल, टेबलावर कोकिळाबाई आडवी, पाय वर. लस टोचून झालेली बाई एकेक करून आत.

"दाखव, कसं मारलं होतं. आणि समाधानी म्हणली तर तुलेच दुसरी सुई टोचाले लावतो!"

पहिल्या दोघी हसून पळाल्या. तिसरीनं हळूच मांडीवर चापट मारली. चौथी धाडधिप्पाड, मोताळ्याकडची. तिनं पोर सिस्टरच्या हातात दिलं, पदर खोचला आणि असा हाणला की टेबलाचं एक चाक निघालं. त्यानंतर बायांची भीड मेली. पडद्यामागून सटाक, सटाक यायचं आणि मग रडं. आश्चर्य असं, की रडायची मारणारीच. एकीनं केस ओढून दाखवले. एकीनं पोट दोन्ही हातांनी दाबलं, "असं रेटलं होतं तुम्ही, मले वाटलं फुटते आता." सिस्टरनी नियम केला की मोडक्या हाताला कोणी लावायचं नाही. तो एकच नियम पाळला गेला.

आणि एक बाई आली, तिनं हातही लावला नाही. तिनं कोकिळाबाईला पाय वर करून निजवलं, पडदा सताड उघडला आणि निघून गेली. रांग समोरून जात होती, बाया, पोरं, दोन बाप्ये. कोकिळाबाईनं उठायला पाहिलं तर बाई दारातून म्हणाली, "पडून राहा. मले अर्धा तास ठेवलं होतं." कोकिळाबाई अर्धा तास पडून राहिली. घरी आल्यावर त्या रात्री ती जेवली नाही. एवढे हात खाल्ले, पण जेवण त्या न लागलेल्या हातानं तोडलं.

संजीवनी सिस्टर शाळेच्या वहीत लिहीत होत्या. दाराला कडी. खोलीत पाणी. नावानं हाक. तोंड दाबायचं नाही. टेबलापाशी बाजारभावाच्या गप्पा नाहीत. घरची एक बाई आत. लिहिलं ते भिंतीवर लागलं आणि भिंतीवरून खोलीत उतरलं, कारण जी विसरेल तिला बुधवारी टेबलावर चढवायची धमकी होती.

डॉक्टर शेखर भडकले. "अहो, हा काय प्रकार आहे? दवाखाना आहे की आखाडा?" तेवढ्यात रांगेतली एक बाई पुढं झाली. "डॉक्टरसाहेब, तुम्ही मले सुन्न न करता टाके घातले होते."

"असं कसं? इंजेक्शन दिलं होतं. थोडा वेळ लागतो एवढंच."

"थांबले कुठं तुम्ही? कान द्या जरा." आणि ट्रेमधला चिमटा उचलून तिनं डॉक्टरांच्या कानाची पाळी पकडली आणि पिळली. "अय मायऽऽऽ!" पुण्याची इस्त्री एका क्षणात मोडली. ओरडताना माणूस आमच्यासारखाच ओरडतो. त्या दिवसापासून डॉक्टर इंजेक्शन दिल्यावर घड्याळाकडं बघत पाच मिनिटं उभे राहतात, एक हात कानावर.

पुढचे फॉर्म संजीवनी सिस्टरनी भरले. रडकी तोंडं निम्म्याहून जास्त. जिल्ह्याहून पत्र आलं की एकदम पहिल्यावरून शेवटचे कसे, खुलासा करा. डॉक्टरांनी खुलाशात काय लिहिलं माहीत नाही, पण वही जोडली.

पाचव्या बुधवारी रांगेच्या शेवटी एक पोटुशी बाई पदर ओढून बसली होती, शेजारी सत्यभामाबाई. रांग संपेपर्यंत बसून राहिली. कोकिळाबाई लंगडत पडद्याबाहेर आली, गालावर ताजी बोटं.

पूनमनं पदर मागं घेतला. "साडी दुसऱ्या कोणाले देली का?"

 कोकिळाबाईनं मान हलवली, नाही.

"एक सांगतो. टेबलावर एकदा जरी तुहा हात उठला, तर हाय तशी उठून चालली जाईन. अर्ध्यातून."

"उठणार नाई."

यावर विश्वास ठेवणारं गावात कोणी नव्हतं. कोकिळाबाईच्या शेजारचं, हे लिहिणारं कार्टं तर नळावर भर गर्दीत तिची नक्कल करून दाखवत होतं, "ए तीन नंबर! माही लेक असली म्हणून काय झालं!" कोकिळाबाईनं मागून येऊन त्याचा कान धरला. धरला फक्त, पिळला नाही.

"पैज लावतं का बे?"

"लावतो. पूनमताईच्या वेळी तुमचा हात वाजणार. वाजला तर रोज नळावर तुमच्यासमोर नक्कल."

"आन् नाई वाजला तर महिनाभर माहा आवाज काढाचा नाई. निरा चूप."

*

वैशाख. पंखा गरम हवा ढवळतोय. पूनमच्या कळा सकाळपासून, दुपारचे तीन वाजले तरी पोर अडलेलं. कोकिळाबाईचं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते, पण उजवा हात अजून शेवग्याच्या शेंगेसारखा. दुसऱ्या बाजूनं सत्यभामाबाई, घरची एक बाई म्हणून, पूनमचा पाय धरून. त्यांची नजर सुनेवर नव्हती, विहिणीच्या पंजावर होती.

"पूनम, माय, जोर लाव," कोकिळाबाई. नाव घेऊन. पाणी पाजलं. दाराची कडी दोनदा पाहिली.

"नाई होत! जा तू! जा इथून!" पूनमनं तिचं मनगट धरलं आणि दात रोवले, नुकत्या जुळल्या हाडावर. रक्त आलं. कोकिळाबाईनं हात ओढला नाही. पूनमनं लाथ मारली, छातीत बसली. दुसरी पोटात. संजीवनी खालून म्हणाल्या, "ढकलत नाई ही. बाळाचे ठोके कमी होऊन राह्यले. कोकिळे, काहीतरी कर."

काहीतरी म्हणजे काय, ते बारा वर्षं त्या पंजाला ठाऊक होतं. एक दिली की पोर सुटते. डावा हात वर गेला. तिला दिसला, आपलाच हात, पंख्याखाली उघडा, भाकरीएवढा. सत्यभामाबाईंनी पाय सोडून खराटा शोधावा तशी नजर फिरवली. पूनमनंही पाहिला. तिच्या डोळ्यांत ते आलं, जे बारा वर्षं शेकडो पोरींच्या डोळ्यांत आलं होतं आणि कोकिळाबाईनं कधी पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा ती वांग्यांचं बोलत असायची.

हात खाली आला आणि टेबलाच्या दांड्याला घट्ट मिटला. तोंड तिनं पूनमच्या तोंडाजवळ नेलं. "मार," ती म्हणाली. "मले मार. जेवढा जोर हाय तेवढा लावून मार."

बाहेर बाकावर ते कार्टं कान लावून बसलेलं. आतून आवाज आला.

सटाक!

असा स्वच्छ, भरघोस, कोकिळाबाईच्या शिक्क्याचा, की ते उडी मारून उठलं. "वाजला! वाजला! जिंकलो!" शेषराव खाली मान घालून बसला. बाकावरचे दोघे हसले. आतून दुसरी वाजली, मग तिसरी, आणि मग पूनमचा एक लांबलचक ओरडा, ज्याच्या शेवटाला ट्यॅहां जोडलेलं.

दाराची कडी निघाली. आधी सत्यभामाबाई आल्या, रडत. "पोरगा हाय, शेषराव." त्यांच्यामागून कोकिळाबाई. डाव्या गालावर पाच बोटं, उजव्या गालावर पाच, ओठ फुटलेला, मनगटावर दातांची गोल माळ. आत टेबलावर पूनम निजल्यानिजल्या बाळाला छातीशी घेत होती, तिच्या अंगावर कुठं ओरखडाही नव्हता.

कोकिळाबाईनं रक्त पदरानं टिपलं आणि बाकाकडं पाहिलं. "कोण जिंकलं बे?"

महिनाभर तिचा आवाज तोंडानं काढायचा नाही, असं ठरलं होतं. कागदाचं काही ठरलं नव्हतं.